‘जुळलं’ म्हणजे नेमकं काय जुळलं?

बॅलिस्टिक अहवाल (गोळी किंवा पुंगळी त्याच हत्यारातून सुटली का, याची प्रयोगशाळेतली तपासणी) ‘जुळतो’ असा आला की बचावाच्या वकिलाला करण्यासारखं काही उरत नाही, हे लेखातलं वाक्य पटलं नाही. त्याचं काम तिथूनच सुरू होतं. गावठी कट्ट्याच्या नळीला आतून बहुधा पीळदार खाचा नसतात, म्हणजे गोळीवर त्यांचे चरे उमटायचा प्रश्नच नाही. मग बरीचशी भिस्त रिकाम्या पुंगळीच्या (काडतुसाच्या कवचाच्या) बुडावर फायरिंग पिनने, म्हणजे तिथे आदळणाऱ्या खिळ्याने, उमटवलेल्या खुणेवर. बरं, हत्यार रिव्हॉल्व्हर आणि पुंगळ्या जमिनीवर सापडल्या असं पंचनामा सांगत असेल तर? रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकत नाही, ती सिलिंडरमध्येच राहते. मारेकरी तिथे उभा राहून सिलिंडर रिकामा करत होता का, एवढं तरी विचारा!

तारखाही बघाव्यात. पुंगळ्या पहिल्या दिवशी जप्त, हत्यार तीन आठवड्यांनी, आणि दोन्ही पाकिटं एकदमच प्रयोगशाळेत गेली, तर मधल्या काळात लाखेचं सील शाबूत होतं का, मुद्देमाल कारकुनाची (जप्त वस्तू सांभाळणाऱ्या पोलिसाची) साक्ष झाली का, हे प्रश्न येतातच. हे सगळं वाचायला वेळ लागतो. म्हणूनच जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात मोफत वकील किमान १० वर्षं अनुभवाचा हवा आणि तयारीला साधारण ७ दिवस तरी हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने अनोखीलाल प्रकरणात २०१९ साली सांगितलं. शिवाय सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम २९३). उलटतपासणी हवी तर अर्ज करावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.