दाजी, घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचलं का?

घरच्या ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय. टाकणारे आमचे दाजी, राहणार परभणीतच, म्हणून जास्त चीड आली. मजकूर असा: 'सोमनाथ सूर्यवंशीला आधीचाच आजार होता, छातीत कळ येऊन गेला. तोही न्यायालयीन कोठडीत, पोलिसांचा काय संबंध? मारहाण झाली नाही असं त्याने स्वतः न्यायाधीशांना सांगितलं होतं. तरी लोकांच्या दबावाखाली कोर्टाने पोलिसांना दोषी ठरवलं. आता दंगलीत पोलीस हात वर करतील.'

कोठडीचंच आधी घेतो, कारण अख्खा मेसेज त्या एका खुंटीला टांगलाय. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली १० डिसेंबर २०२४ ला. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. त्यात पकडलेला सोमनाथ १४ तारखेपर्यंत पोलीस कोठडीत होता आणि १५ ला सकाळी गेला. म्हणजे न्यायालयीन कोठडी जेमतेम एक रात्र! शवविच्छेदन घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) सरकारी रुग्णालयात झालं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलं: अनेक इजांमुळे बसलेला धक्का. एवढ्या इजा झालेल्या माणसाच्या छातीत कळ नाही येणार तर काय ढेकर येणार?

मारहाण झाली नाही असं तो न्यायाधीशांपुढे म्हणाला, हे मुख्यमंत्र्यांनीही विधानसभेत सांगितलं होतं. पण ज्यांच्या गाडीतून आलो त्यांच्याच गाडीतून परत जायचंय, हे माहीत असलेला माणूस काय बोलणार? आणि तोंडी जबाबाने अंगावरच्या इजा पुसल्या जात नाहीत.

दोषी तर अजून कुणालाच ठरवलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ ला एवढंच म्हटलं, की पोलिसांवर गुन्हा नोंदवा. त्याविरुद्ध सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० जुलैला हात हलवत परतलं. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईचे साडेसात महिने गेले, आणि म्हणे दबाव. अर्थात त्या दिवशी 'न्याय मिळाला' म्हणून स्टेटस ठेवणारेही घाईच करत होते.

दगडफेक झाली, दुकानं फुटली, हे मान्य. ज्यांनी केलं त्यांच्यावर खटला चालवा की. पण खटल्याला आरोपी जिवंत लागतो.

राहिलं पोलिसांनी हात वर करण्याचं. परभणीचाच ख्वाजा युनूस दाजी विसरले वाटतं. २००२ च्या घाटकोपर स्फोटात त्याला उचललं. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, जीपला अपघात झाला आणि तो पळाला. तो काही घरी आला नाही. २००५ मध्ये त्याचे सहआरोपी निर्दोष सुटले. त्याला कोठडीत मारल्याचा खटला चार पोलिसांवर भरला गेला, पण वीस वर्षांतही निकाल लागला नाही. एवढ्यावर कोण घाबरून हात वर करतंय?

दाजी, मेसेज काढायचा नसेल तर राहू द्या. घाटीच्या अहवालाची बातमी मी त्याच्याच खाली टाकतोय. ताईलाही वाचायला द्या.