स्कॅन झालं म्हणून कागदपत्रांचे बस्ते रद्दीत घालू नका

कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: 'सगळं स्कॅन झालंय, आता रेकॉर्ड रूम रिकाम्या करा. कागद जागा अडवतो. संगणकावर सगळं एका क्लिकवर सापडतं आणि कायम टिकतं.' अभिलेख कक्षात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून उत्तर देतोय.

कागद जळतो, भिजतो, त्याला वाळवी लागते. 21 जून 2012 ला मंत्रालयाला लागलेली आग कोण विसरेल? स्कॅनिंग हवंच. पण त्यावरून मूळ कागद फेका, हे कुठून आलं?

'स्कॅन म्हणजे मूळच.' नाही. आमच्याकडे जुन्या नोंदवह्यांचं काळं-पांढरं स्कॅनिंग झालं. लाल शाईतला 'रद्द' शेरा बाकीच्या मजकुरात मिसळून गेला आणि पानामागची सही तर आलीच नाही. मूळ वही रॅकवर होती, म्हणून ताडून पाहता आलं. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलीचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. ठेकेदाराने पेनड्राइव्हवर आणून दिलेल्या फाइलींचं असं प्रमाणपत्र कोण सही करून देणार, हे आधी विचारा.

'एका क्लिकवर सापडतं.' हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्याला नाव, वर्ष, गाव, विषय कोणीतरी बसून लावावा लागतो. 'स्कॅन 0001' ते 'स्कॅन 4000' अशा फाइलींत वारस नोंद शोधून दाखवा! युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांमध्ये टाइप केलेली पत्रं तर आणखी अवघड: फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यात मराठी शब्द शोधला तर काहीच हाती लागत नाही. आणि जुनी मोडी लिपी? 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणारी माणसंच लागली.

'कायम टिकतं.' फ्लॉपीवर ठेवलेलं आज कशात घालून वाचणार? दर काही वर्षांनी नव्या साधनावर, नव्या स्वरूपात उतरवत राहिलं तरच ते टिकतं. त्याला माणूस आणि पैसा दोन्ही लागतात.

राहिली जागेची अडचण. ती खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज जुनाच आहे: कोणता कागद किती काळ ठेवायचा याची वर्गवारी. 'अ' वर्ग कायम, 'ब' 30 वर्षं, 'ड' साधारण वर्षभर. मुदत संपलेल्या 'ड' गठ्ठ्यांचं वेळेवर निंदणीकरण झालं, म्हणजे ते रीतसर काढून नष्ट केले, तर कपाटं आपोआप मोकळी होतात. ते वर्षानुवर्षं कोणी करत नाही आणि मग एके दिवशी 'अ' वर्गाचे बस्तेही त्याच टेंपोत चढतात.

तुमच्या कार्यालयातून बस्ते बाहेर निघताना दिसले, तर निंदणीकरणाची यादी मागा आणि तिच्यावर मंजुरीची सही कोणाची आहे ते पाहा. यादी नसेल तर टेंपो तिथेच थांबवा.