डोक्याला ताप

सिंकखालचा गळका पाइप आवळायला दोन हात पान्याला लागतात आणि तिसरा टॉर्चला. तिसरा हात घरातल्याच कुणाचा तरी असतो, आणि त्याचा मालक गप्पांच्या नादात सिंकऐवजी छत उजळत असतो. टॉर्च दातात धरावी तर शिव्या देता येत नाहीत, आणि शिव्यांशिवाय पाइप आवळला गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. तेव्हा दिवा कपाळावर हवा, आणि घरीच केलेला.

सामान फार नाही. एक वॉटचा पांढरा एलईडी, १८६५० चा एक रिचार्जेबल लिथियम सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, नाव तेवढ्यावरच पडलंय), टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल (सेल चार्ज करणारी चिमुकली पट्टी, सेलला संरक्षण देणारी घ्या), स्विच, आणि विजेच्या प्रवाहाला आवर घालणारा ३.३ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर. रेझिस्टर वगळायचा मोह प्रत्येकाला होतो. पण भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, एलईडीला ३.२ च्या आसपास पुरतात. उरलेला एक व्होल्ट ३.३ ने भागा: ०.३ अँपिअर, म्हणजे एलईडी सुखात. रेझिस्टर नसेल तर त्याने काय दिवे लावले ते दोन मिनिटांत कळतं.

खरा ताप यापुढे. एलईडी घेतो त्यातली बरीचशी वीज उष्णताच होते, म्हणून त्यामागे चार सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोन आणि मध्ये उष्णता पुढे नेणाऱ्या थर्मल पेस्टचा पातळ थर हवा. पेस्ट श्रीखंडासारखी थापू नये. चौकोन आणि कपाळ यांच्यात फोमचा तुकडा घाला, नाहीतर गंधाची गरज उरत नाही. चौकोन झटपट गोंदाने चिकटवला तर गरम होऊन सुटतो, शिवाय गोंदाच्या वाफेने एलईडीवरच्या लेन्सवर पांढरट साय धरते. दोन बारीक स्क्रू बरे.

सेलला थेट सोल्डरचा डाग देऊ नका, होल्डर वापरा. तो बसवायचा डोक्यामागे: ४५-५० ग्रॅमचं वजन पुढे ठेवलं की दिवा नाकावर घसरतो. होल्डरात सेल उलटा पडला तर मॉड्यूल धूर काढून निषेध नोंदवतं. पुढून मागे जाणारी वायर दिवा वर-खाली वळवायच्या बिजागरीपाशी हमखास तुटते, तिथे एक सैल वेटोळं सोडा. पट्ट्याचं इलॅस्टिक २५ मिमी रुंद, डोक्याच्या घेरापेक्षा दहा टक्के कमी. त्याहून घट्ट केलंत तर काम संपेपर्यंत डोकं खरंच चालेनासं होतं.

लेन्स अरुंद कोनाची घेऊ नये. हातभर अंतरावर तिचा झोत रुपयाएवढा पडतो आणि नट शोधायला मान कोंबडीसारखी हलवावी लागते. लेन्सवर बटर पेपरचा तुकडा लावला की उजेड पसरतो.

२००० एमएएचचा सेल सहा-सात तास तरी जातो, शेवटी मंद होत होत. तेवढ्यात पाइप आवळून होतो. फक्त ‘झालं का?’ विचारायला कुणी वाकलं तर तिकडे तोंड करून उत्तर देऊ नका. समोरच्याला पुढची पाच मिनिटं हिरवे ठिपके दिसतात, आणि चहा येत नाही.