घरचीच की तू!

काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाडेकरू काय म्हणतेस स्वतःला? घरचीच की तू!"

लंडनजवळच्या स्लाउच्या पावसात दोन बॅगा ओढत आलेल्या मुलीला असं कुणी म्हटलं की ती विरघळते. मीही विरघळले, आणि त्याच पातळ अवस्थेत फोनवरून ५५० पौंड अनामत पाठवून दिली. बँकेच्या ॲपमध्ये 'कशासाठी' असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून 'डिपॉझिट' असं लिहिलं. आयुष्यात मी केलेल्या मोजक्या शहाणपणांपैकी हे एक, आणि तेही ॲपने करवून घेतलेलं. करारबिरार काही नव्हता. घरच्यांशी कुणी करार करतं का?

खोली एवढीशी, पण भाडं नेमकं होतं. महिन्याला ५५०, म्हणजे वर्षाला ६,६००. राहत्या घरातली खोली दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर इंग्लंडात कर नाही, हे काका मला पोहे खाताना दर रविवारी सांगत. "सरकारच म्हणतं, घरात माणसं ठेवा." काकू म्हणत, "आधी गिझर चालू ठेवा." हीटिंगची कळ काकांच्या ताब्यात होती. ऑक्टोबर उजाडला तरी ती थंडी त्यांना 'गुलाबी' वाटायची.

अकरा महिने मी खरोखर घरच्यासारखी राहिले. भेंड्या चिरल्या, काकूंच्या सासूबाईंच्या आठवणी ऐकल्या, काकांच्या प्रिंटरशी त्यांच्या वतीने भांडले. मग रेडिंगला नोकरी लागली. एक महिना आधी सांगितलं, आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी निघाले. काकूंनी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. नारळाखाली एक पाकीट होतं. मला वाटलं, शकुनाचे पैसे.

आत एक छापील तक्ता होता. (प्रिंटर चालू झाला होता तर.) गालिच्यावरचा हळदीचा डाग, १८० पौंड. पडद्यांना बसलेला फोडणीचा वास, १२०. ओटा आणि चिमणीची खास सफाई, ६३. गरम पाण्याचा जादा वापर, ५०. एकूण वजावट ४१३. परतावा १३७. खाली लिहिलं होतं : 'आशीर्वाद आहेतच.'

फोडणीचा वास! त्या घरात फोडणी रोज सकाळी काकूच देत, आणि ती हिंगाची. मी केलेला सर्वांत जहाल पदार्थ म्हणजे नूडल्स.

फोन केला तर काका दुखावले. "पैशांसाठी फोन केलास? मला वाटलं, पोचल्याचा केलास."

ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, घाबरू नकोस, इथे कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे. २००७ सालापासून घरमालकाला अनामत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते, तीही ३० दिवसांत. नाही केली तर कोर्ट त्याला अनामतीच्या तिपटीपर्यंत भुर्दंड बसवू शकतं. मी मनात गुणाकार केला. ५५० गुणिले तीन, १,६५०. त्या रात्री मी फार छान झोपले.

सकाळी सल्ला देणाऱ्या एका मोफत हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला : घरमालक त्याच घरात राहतो का? स्वयंपाकघर एकच आहे का?

मी अभिमानाने म्हटलं, स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक, लोणच्याची बरणीसुद्धा एक.

"ओह," बाई म्हणाल्या. इंग्रज माणसाच्या 'ओह'मध्ये आपल्याकडची अख्खी शोकसभा मावते.

ती अनामत-योजना स्वतंत्र भाडेकरूंसाठी. मालकाच्या छताखाली, त्याच्याच चुलीवर जेवणाऱ्यांना ती लागूच नाही. असे लोक कायद्याच्या भाषेत 'वगळलेले रहिवासी'. १९७७ सालचा एक कायदा भाडेकरूंना घराबाहेर काढण्यापासून वाचवतो, पण आमच्यासारख्यांना काढायला मालकाला कोर्टाचा हुकूमही लागत नाही, वाजवी मुदतीची सूचना पुरते. थोडक्यात, इंग्लंडची संसद मला काकांचंच वाक्य ऐकवत होती : भाडेकरू काय म्हणतेस स्वतःला? घरचीच की तू!

मी रिसीव्हर ठेवणार होते, पण बाईंनी थांबवलं. योजना लागू नसली तरी पैसे काही काकांचे होत नाहीत. तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. नेहमीच्या वापराने होणारी झीज कापता येत नाही, आणि नुकसान झालं म्हणणाऱ्यानेच ते दाखवायचं. आधी चौदा दिवसांची मुदत देणारं पत्र लिही. नाहीच ऐकलं तर लहान दाव्यांच्या कोर्टात ऑनलाइन दावा कर. तुझ्या रकमेला फी ७० पौंड. वकील नको. घाईही नको, सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो. "पुरावा काय आहे?"

पुरावा! कोण घरच्यांच्या गालिच्याचे फोटो काढतं? पण मग आठवलं की पहिल्याच दिवशी मी खोलीचा फोटो आमच्या 'कुटुंब रंगलंय' ग्रुपवर टाकला होता. शोधला. खाली तेवीस अंगठे, आणि मावशीचा निरोप : 'खोली छान ग. पण पलंगाखाली कोपऱ्यात पिवळं काय आहे? मांजर पाळलंय का त्यांनी?'

जन्मभर ज्या चौकसपणाला मी वैतागले, तो तारीख-वेळेसकट माझ्या बाजूने उभा होता.

पत्र लिहायला तीन रात्री लागल्या, कारण मायना सुचेना. 'डिअर सर' म्हणावं तर ज्यांच्याकडे अकरा महिने उकडीचे मोदकही खाल्ले त्यांना सर कसं म्हणू? शेवटी इंग्रजीतच लिहिलं, 'डिअर काका'. सोबत बँकेची पावती आणि पुरावा क्रमांक दोन, मावशीचा निरोप, इंग्रजी भाषांतरासह. मांजरासकट. शेवटी चौदा दिवसांनंतरची तारीख आणि 'आपली नम्र'.

बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी (तिथीला काका पक्के) खात्यात ५०० पौंड आले. ५० कापलेले, गरम पाण्याचे. त्यावर मी लढले नाही. त्या ५० पौंडांसाठी कोर्टाची फी ३५ होती, आणि खरं सांगायचं तर अंघोळीला मला वेळ लागतोच.

संक्रांतीला काकूंचा फोन. "हळदीकुंकवाला ये ग. पैशांचं ते पुरुषांचं आपापसात." त्यात पुरुष एकच होता, पण मी गेले. तिळगूळ होता, वाण म्हणून स्टीलची गाळणी होती, आणि माझ्या खोलीत नाशिकची एक नवी मुलगी होती. काका तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "ही काय परकी नाही हं, घरचीच."

तेवढ्यात वाकून कुंकू लावताना काकूंच्या हातातला करंडा कलंडला. दिवाणखान्याच्या क्रीम रंगाच्या गालिच्यावर मूठभर हळद.

काकांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. मग त्यांनी नव्या मुलीकडे पाहिलं. तिने फोन काढला होता, आणि ती डागाचा फोटो घेत होती. काकू चौकटीत येतील अशा बेताने.