एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस पक्का?

फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: "सतत थकवा, अंगदुखी, केसगळती? आजच एएनए करा. पॉझिटिव्ह आली तर ल्युपस पक्का. टायटर जितका जास्त तितका आजार गंभीर, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासत राहा. निगेटिव्ह आली तर निर्धास्त व्हा."

आधी तो "पक्का" घेऊ, कारण झोप उडवतो तोच. ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी. लॅबमध्ये काचपट्टीवर पेशींचा थर असतो. तुमचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव, पातळ करून त्यावर सोडतात, चमकणारा रंग लावतात, धुतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. केंद्रकं हिरवी उजळली की पॉझिटिव्ह. रिपोर्टवरचा १:८० हा टायटर म्हणजे सीरम ८० पट पातळ करूनही ती चमक दिसली, एवढंच. त्या अँटिबॉडी शरीरात काही बिघडवत आहेत का, हे काचपट्टीला कळत नाही.

आणि ही चमक धडधाकट माणसांतही दिसते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या लॅबनी मिळून केलेल्या अभ्यासात निरोगी लोकांपैकी सुमारे ३२ टक्के १:४० ला पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ आणि १:३२० ला ३ टक्के. आता हिशोब करा. हजार माणसांत ल्युपसचा एक रुग्ण आहे असं धरू. सरसकट सगळ्यांची तपासणी केली तर १:८० ला १३० च्या आसपास पॉझिटिव्ह येतील आणि त्यांत आजारी एकच. बाकीच्यांनी काय करायचं, ते मेसेजमध्ये नाही. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांतही १:८० ही फक्त आत शिरायची अट आहे. पुढे लक्षणं आणि इतर तपासण्यांचे किमान १० गुण जमावे लागतात.

यावर हमखास येणारं उत्तर: "पण अँटिबॉडी आजाराच्या कितीतरी वर्षं आधी दिसतात!" खरं आहे. अमेरिकी सैन्याने साठवलेल्या रक्तनमुन्यांवरचा २००३ चा अभ्यास तेच सांगतो: ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ८८ टक्क्यांच्या जुन्या रक्तात निदानाआधीच कुठली ना कुठली अँटिबॉडी होती. पण तिथे रुग्णापासून सुरुवात करून मागे पाहिलं होतं. पॉझिटिव्ह रिपोर्टपासून पुढे पाहिलं, तर बहुतेकांना ल्युपस होतच नाही.

टायटर मोठा असेल तर शंका वाढते, हे मान्य. आजाराची तीव्रता मात्र त्यावरून मोजत नाहीत. १:१६० चं १:३२० झालं म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: हा पातळ करण्याचा एका पायरीचा फरक आहे, तेवढा तपासणाऱ्याच्या नजरेनेही पडतो. ल्युपस असलेल्यांत चढउतार बघायला डीएस-डीएनए (म्हणजे डीएनएविरुद्धच्या) अँटिबॉडी, सी३ व सी४ ही रक्तातली रोगप्रतिकाराची प्रथिनं आणि लघवी यांची तपासणी असते. दर तीन महिन्यांनी एएनए करून हाती काही लागत नाही.

"निर्धास्त व्हा" हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. एएनए निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता खूपच कमी होते, बरोबर. पण स्वतःवर उलटणारे आजार काही एकच नाहीत. त्यातल्याच ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी वेगळ्या तपासाव्या लागतात, आणि त्या दोन्ही निगेटिव्ह असूनही संधिवात असू शकतो. सकाळी तास-तासभर बोटं आखडून राहत असतील, सांधे सुजत असतील, तर निगेटिव्ह एएनए दाखवून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका.

उन्हात गेल्यावर गालांवर उठणारं पुरळ, तोंडात वारंवार येणारे फोड, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटं, फेसाळ लघवी: डॉक्टर आधी हे विचारतात, मग एएनए लिहून देतात. मेसेजमध्ये यातलं एकही लक्षण नाही. लघवीचा तर उल्लेखच नाही, आणि ल्युपस किडनीत शिरतो तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही; लघवीतून प्रोटीन जायला लागतं.