‘नर्ड’ हा कुठल्याही कंपनीचा शॉर्टफॉर्म नाही हो

परत तो मेसेज फिरायला लागलाय. कॅनडात म्हणे नॉर्दर्न इलेक्ट्रिक रिसर्च अँड डेव्हलपमेंट नावाची लॅब होती, तिथले इंजिनिअर शर्टाच्या खिशाला एन-ई-आर-डी छापलेलं प्लास्टिकचं कव्हर लावून फिरायचे, म्हणून एकाच विषयाचा किडा असलेल्या हुशार माणसाला ‘नर्ड’ म्हणायला लागले. खाली कुणीतरी जोडलंय की ‘ड्रंक’चं स्पेलिंग उलटं केलं की पण हाच शब्द येतो, जो पीत नाही तो नर्ड. अरे एक काहीतरी ठरवा.

आता लॅबचं बघा. कंपनी खरी होती, पण ती बरीच वर्षं डिझाइन्स अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिककडून घ्यायची. 1956 मध्ये अमेरिकेत मक्तेदारीच्या केसमध्ये तडजोड झाली, तो नळ आटला आणि मग नॉर्दर्नला स्वतःचं संशोधन उभं करावं लागलं. इकडे ‘न्यूजवीक’च्या 8 ऑक्टोबर 1951 च्या अंकात छापलंय की डेट्रॉइटमध्ये पूर्वी ज्याला ड्रिप किंवा स्क्वेअर म्हणायचे त्याला आता नर्ड म्हणतात. म्हणजे पोराचं बारसं आधी आणि बापाचा जन्म नंतर! असले शॉर्टफॉर्म मागाहूनच चिकटवतात, ते गोल्फ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ वालं पण तसलंच, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1457 मध्येच त्या खेळावर बंदी घातली होती, नाव घेऊन.

‘ड्रंक’वाली थिअरी तर दोन मिनिटांत निकालात निघते. के-एन-यू-आर-डी हे स्पेलिंग न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या पोरांनी साठच्या दशकात चालवलं, शब्द आधीच तोंडात होता, त्यावर केलेली हॉस्टेलछाप कोटी आहे ती.

काहीजण लहान मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्या डॉ. स्यूसचं नाव घेतात आणि त्यात निदान थोडं तथ्य आहे, कारण 1950 च्या ‘इफ आय रॅन द झू’मध्ये हा शब्द खरंच छापलेला आहे. पण तिथे नर्ड म्हणजे प्राणिसंग्रहालयात आणायचा एक चिडक्या तोंडाचा प्राणी, नर्कल नावाच्या दुसऱ्या प्राण्याच्या शेजारी, अभ्यासाशी काही देणंघेणं नाही. लहान मुलांच्या पुस्तकातला प्राणी वर्षभरात डेट्रॉइटच्या तरुण पोरांची शिवी झाला असेल तर असेल, मला तरी पटत नाही.

आणि सगळ्यात मोठी गडबड अर्थाची आहे, जी कुणी बघतच नाही. 1951 च्या त्या ओळीत हुशारीचा ‘ह’ पण नाही, ड्रिप आणि स्क्वेअर म्हणजे बोअर, बावळट, फॅशन न कळणारा. 1974 ला सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’ या अमेरिकन टीव्ही मालिकेत फॉन्झी नावाचं पात्र ज्यांना नर्ड म्हणून चिडवतं ते पण काही शास्त्रज्ञ नव्हते, साधी सरळ घरची पोरं होती. तिथून शब्द घराघरात गेला, मग त्याला चष्मा, कॅल्क्युलेटर चिकटले आणि कॉम्प्युटरवाल्यांकडे पैसा यायला लागल्यावर लोक स्वतःच मिरवायला लागले, मी नर्ड आहे म्हणून. इंजिनिअरवरून शब्द आला नाही, शब्दच हळूहळू इंजिनिअरपर्यंत पोचला.