केस कुठे कापायचे आणि खुर्चीत बसल्यावर काय सांगायचं

‘केस कुठे कापतोस?’ असं विचारलं की लोक दुकानाचं नाव सांगतात, कारागिराचं नाव फार थोडे सांगतात. माझं मत सरळ आहे. पुरुषांच्या आखूड, सरळ केसांना गल्लीतलं दोन-तीन खुर्च्यांचं केशकर्तनालय पुरतं. तिथला कारागीर कायमचा असेल तर मॉलमधल्या सलूनपेक्षा काम चांगलं होतं. केस लांब, फार दाट किंवा कुरळे असतील तर हिशेब वेगळा, त्यावर खाली लिहितो. एसी, गाणी आणि भिंतभर आरसे यांचा कटिंगशी काडीचा संबंध नाही. (एसीचा मे महिन्यात आहे, तेवढं मान्य.)

आधी पैशांचं बघू. पुण्या-ठाण्याकडे साध्या दुकानात कटिंगचे साधारण 100 ते 150 रुपये होतात. कारागीर बहुतेक ठिकाणी टक्केवारीवर असतो, म्हणजे निम्मे मालकाचे, निम्मे त्याचे. पंधरा-वीस मिनिटांत डोकं उरकलं नाही तर त्याचं भागत नाही. पण त्याच घाईमुळे त्याच्या हाताला सराव होतो: दिवसाला पंधरा-वीस डोकी, रविवारी त्याहून जास्त, आणि तीही सगळ्या प्रकारची. साखळी सलूनमध्ये 500 ते 800 रुपये मोजता, त्यात जागेचं भाडं, शाम्पू, पाटीवरचं नाव आणि पाऊण तास येतो. यातला विकत घेण्याजोगा फक्त तो पाऊण तास. पण तिथली माणसं सारखी बदलतात. गेल्या वेळी ज्याने छान कापले तो दोन महिन्यांत दुसऱ्या शाखेत गेलेला असतो आणि तुमच्या डोक्याचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बिलावरचा कर हाही एक मुद्दा. सप्टेंबर 2025 पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. अजून 18 लावलेला दिसला तर विचारा. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानाला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे गल्लीत हा प्रश्न येत नाही.

नवीन दुकान धरायचं असेल तर लगेच खुर्चीत बसू नका. बाकावर दहा मिनिटं पेपर चाळत कारागिराचा हात बघा. कंगव्यावर कात्री चालवतो तेव्हा कात्रीचं एक पातं कंगव्याला समांतर, जवळजवळ स्थिर राहायला हवं आणि फक्त अंगठ्याचं पातं उघडझाप करायला हवं. दोन्ही पाती हलत असतील तर बाजूला पायऱ्या पडणार. कंगवा खालून वर न थांबता सरकला पाहिजे, आणि डोक्याचा गोलावा सुरू झाला की हळूहळू बाहेर सुटला पाहिजे. मध्येच थांबतो तिथे खड्डा पडतो. हवेत कात्रीची कचकच चालते तिला फार भुलू नका, ती लय राखायला असते. आणखी एक खूण म्हणजे चांगला कारागीर दोन-तीनदा मागे सरकून आरशातून बघतो, जवळून नाही. कारण दोन बाजू सारख्या झाल्या का हे जवळून कळतच नाही.

आता बोलायचं काय? ‘बारीक करा’, ‘मध्यम ठेवा’ हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. मशिन लावणार असेल तर गार्डचा, म्हणजे पात्यावर अडकवायच्या कंगवीचा, नंबर सांगा. 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे 10 च्या आसपास, 4 म्हणजे 12-13. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आज 2 नंबर मारला तर अडीच-तीन आठवड्यांत तो 4 नंबर झालेला असतो. फेडचा, म्हणजे खाली अगदी बारीक आणि वर जाताना वाढत जाणाऱ्या कटचा, सगळा खर्च इथे आहे. कातडीपासून चढत गेलेला फेड पंधरा दिवसांत विस्कटतो. 150 रुपयांच्या दराने वर्षाला 24 फेऱ्यांचे 3600 रुपये झाले. कात्रीने बाजू उतरवून घेतल्या तर पाच आठवडे सहज निघतात आणि वर्षाचे दीडेक हजार पुरतात. फेड वाईट असं माझं म्हणणं नाही. दर पंधरवड्याला जायची तयारी असेल त्यानेच करावा.

वरच्या केसांची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगू नका, बोटांत सांगा. ‘दोन बोटं ठेवा’ हे कारागिराला लगेच कळतं, कारण तो केस बोटांतच धरून कापतो. भोवऱ्याचं वेगळं सांगा. भोवऱ्यावरचे केस तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेले की उभे राहतात आणि मग कितीही तेल चोपडा, बसत नाहीत. ज्यांना दोन भोवरे आहेत त्यांनी खुर्चीत बसताच सांगावं. कपाळावरचे केसही तसेच, ओले असताना भुवईपर्यंत आलेले वाळल्यावर वर उडी मारतात. म्हणून शेवटचा हात कोरड्या केसांवर मारायला सांगा.

कल्ले दोन बाजूंना खालीवर होतात ते बहुतेक वेळा कारागिराच्या निष्काळजीपणामुळे नाही. माणसाचे कान क्वचितच एका पातळीत असतात. कानाच्या अंदाजाने कल्ले कापले की ते वाकडे दिसणारच. डोळ्यांची किंवा नाकाची पातळी धरून कापायला सांगा. मानेवर ‘चौकोन की गोल?’ असं विचारतात तेव्हा तिसरं उत्तर द्या: ‘काहीच नको, नुसते उतरवून घ्या’. वस्तऱ्याने कोरलेली चौकट पहिल्या दिवशी झोकदार दिसते, पण आठ-दहा दिवसांत तिच्याखाली खुंट उगवले की मान मळकी दिसायला लागते.

मशिनचंही बघा. पात्याला तेल नसेल तर ते पाच-सात मिनिटांत तापतं आणि केस कापायच्या ऐवजी ओढतं. कानामागे चटका बसला किंवा केस उपटल्यासारखं वाटलं तर मुकाट बसू नका, ‘दोन थेंब तेल टाका’ म्हणा. कुणाला राग येत नाही. गार्ड नीट न अडकवता घाईने फिरवला की निसटतो आणि टकलासारखा चट्टा पडतो. त्यावर इलाज एकच, सगळीकडे तेवढंच बारीक करणं.

आता वस्तरा. आपल्याकडे वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतात. कागदातलं नवीन ब्लेड काढून मधोमध मोडलं जातं. ते मोडताना तुम्हाला दिसलं पाहिजे. ‘आत्ताच बदललंय’ हे चालत नाही, कारण हिपॅटायटिस बीचा (रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा) विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो आणि वाळलेल्या रक्ताचा डाग डोळ्यांना दिसेलच असं नाही. नव्या ब्लेडचा उरलेला अर्धा भाग कागदात ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला वापरला तर हरकत नाही. वापरलेला अर्धा भाग पुन्हा डबीत गेला तर मात्र उठायचं. तुरटीचंही तसंच. एकच खडा सकाळपासून वीस गालांवरून फिरतो आणि ताज्या कापलेल्या कातडीवर घासला जातो. घरून स्वतःचा खडा न्या, दहा-वीस रुपयांत मिळतो. ओला टॉवेल आणि मशिन यांतून नायटा पसरतो, दाढीतला तर महिनोन्महिने जात नाही. मशिन ब्रशने झाडून त्यावर स्पिरिट मारतो का बघा, आणि मानेभोवती कापडाखाली टिश्यूची पट्टी लावतो का बघा. ही पट्टी पैशा-दोन पैशांची गोष्ट आहे, पण ती लावणारं दुकान बाकीच्या बाबतीतही नीट असतं असा माझा अंदाज सहसा चुकत नाही. 2020 मध्ये टाळेबंदीनंतर राज्यात 28 जूनपासून सलून उघडली तेव्हा केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला नाही. कातडीशी थेट संबंध येणारी कामं तेव्हा बाजूला ठेवली होती. धोका कात्रीपेक्षा वस्तऱ्यात जास्त आहे हे इतक्या स्पष्टपणे एरवी कुणी सांगत नाही.

मान मोडून घेऊ नका. चंपी घ्या, खांदे दाबून घ्या, मजेत घ्या. पण हनुवटी आणि डोकं धरून ‘कट्’ आवाज काढणं हा प्रकार पूर्ण बंद करा. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांच्या बाजूने जातात. अचानक झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघाताचा झटका येतो. चाळिशीच्या आतल्या धडधाकट माणसालाही येऊ शकतो. महागड्या सलूनमध्ये मान मोडत नाहीत, पण तिथे केस धुवायचं बेसिन असतं. मान मागे ताणून तिथे फार वेळ बसल्यामुळे आलेल्या पक्षाघाताच्या पाच स्त्रियांच्या केसेस 1993 मध्येच अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. बेसिनच्या कडेवर मानेखाली घडी केलेला टॉवेल मागा आणि चक्कर आली तर लगेच उठवायला सांगा.

लांब किंवा कुरळ्या केसांचा, त्यातही बायकांच्या केसांचा, हिशेब वेगळा म्हटलं तो यासाठी. ‘इंचभर कापा’ म्हटलं आणि तीन इंच गेले, ही तक्रार घरोघरी आहे. तिचं कारण साधं आहे. ओला केस ताणला जातो, कंगव्याने ओढून धरला की आणखी लांबतो, आणि वाळला की आकसतो. सरळ केसांत फरक थोडा पडतो, कुरळ्यांत फार. म्हणून कुरळे केस कोरडे असताना, बट-बट मोकळी सोडून कापणारी व्यक्ती शोधा, आणि तिथे जास्त पैसे गेले तरी द्या. पार्लर धरताना आणखी एक बघा. कापून झाल्यावर लगेच ड्रायर मारून केस फुगवले तर कट कसा झाला ते कळतच नाही. ड्रायरला नाही म्हणा, नुसते वाळू द्या, मग आरसा बघा. यू कट, स्टेप कट, लेयर ही नावं प्रत्येक पार्लरमध्ये थोडी वेगळी असतात. नाव सांगण्यापेक्षा ‘सगळ्यात आखूड बट हनुवटीपर्यंत, सगळ्यात लांब इथपर्यंत’ असं बोट ठेवून दाखवा. ‘हेअरकट’च्या दरात धुणं धरलंय का हेही आधी विचारा, नाहीतर लांबीप्रमाणे दोन-तीनशे रुपये वर चढतात.

मुलांच्या जावळाबद्दल दोनच वाक्यं. टाळू भरायला बहुतेक मुलांना वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे मामाच्या मांडीवर वळवळणाऱ्या बाळाच्या डोक्यावर उघडा वस्तरा फिरवू देऊ नका, ट्रिमरने काढा. आणि जावळ काढल्याने केस दाट येत नाहीत, मुळं कातडीखाली असतात.

कुठे कापायचे हा सगळ्यांच्या हातातला प्रश्न कधीच नव्हता, तेही सांगायला हवं. बारा बलुतेदारांत नाभिक होता, पण बलुत्याच्या गावात दलितांची हजामत करणं त्याला मुभेचं नव्हतं. माणसं एकमेकांचे केस कापत किंवा तालुक्याच्या गावी जात. भिंतीवर दरपत्रक लावलेलं, जो येईल त्याला नंबराप्रमाणे खुर्ची देणारं दुकान ही त्या मानाने ताजी गोष्ट आहे. या व्यवसायाची दुसरी बाजूही आहे. 1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला निर्णय होता तो. दुकानात नाभिक समाजातल्या संत सेना महाराजांची तसबीर दिसते, तिच्याशेजारी याचीही एक चौकट असायला हवी असं मला वाटतं.

राहिला वेळ. राज्यात बऱ्याच ठिकाणी सोमवारी दुकान बंद असतं. रविवारी सकाळी गेलात तर कारागीर तुमच्याकडे नाही, बाकावरच्या सहा जणांकडे बघत कापतो. गुरुवार, शनिवार आणि अमावास्या बरेच लोक टाळतात. तुम्ही पाळत नसाल तर याच दिवशी सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये जा, तेच दीडशे रुपये आणि दुप्पट वेळ मिळतो. श्रावणात दुकानं ओस असतात आणि गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत रांग रस्त्यावर येते. मुंबईत कारागीर उत्तरेकडचा असेल तर होळीला आणि छठला तो गावी जातो, कधी महिनाभर. जायच्या आधीच्या आठवड्यात कापून घ्या आणि त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. परतल्यावर तो दुसऱ्याच दुकानात बसलेला असू शकतो.